लेकीला घाबरवेल असं पुस्तक

पत्र थोडक्यात असं : सातारा जिल्ह्यातले एक वाचक, वय ५६. मुलगी २४ वर्षांची, पुण्यात नोकरीला. दोन वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या पगारातून गिअरची सायकल घेतली. रविवारी सिंहगड, कधी मुळशी, असं चालू असतं. आता तिने पुण्याहून कन्याकुमारीला सायकलने जायचं ठरवलंय. डिसेंबरात, वीस दिवसांत, एकटीने. बाबा नाही म्हणाले. ती भांडली नाही, "मी रजा टाकली आहे" एवढंच म्हणाली. तेव्हापासून दोघांत कामापुरतं बोलणं आहे. आई गप्प आहे. वाचक लिहितात, "मी जुनाट विचारांचा नाही. १९९२ मध्ये आम्ही चार मित्र दोन येझदींवरून गोव्याला गेलो होतो, तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. पण तो काळ वेगळा होता आणि आम्ही चौघे होतो. मुलगी वाचणारी आहे, माझ्यापेक्षा पुस्तकांचं जास्त ऐकते. सायकल-मोटरसायकलवरून लांब गेलेल्यांची अशी पुस्तकं सुचवा, की ती वाचून तिला धोके कळतील आणि ती आपण होऊन बेत सोडेल."

सप्रेम नमस्कार.

तुम्ही सरळ विचारलंत, म्हणून उत्तरही सरळ देते. तुम्हाला हवं तसं पुस्तक नाही. दुचाकीवरच्या लांब प्रवासांची पुस्तकं मी कितीतरी वर्षं वाचते आहे. त्यांत अपघात आहेत, चोऱ्या आहेत, कोठडी आहे, दुखणी आहेत. पण ती वाचून कुणी सायकल विकायला काढली, असं माझ्या तरी पाहण्यात नाही. शेवटचं पान उलटलं की माणूस नकाशा शोधायला उठतो.

डर्व्हला मर्फीचंच बघा. आयर्लंडमधल्या लिस्मोर नावाच्या छोट्या गावातली ही मुलगी. दहाव्या वाढदिवसाला आईवडिलांनी तिला जुनी सायकल दिली आणि आजोबांनी जुना ॲटलास. थोड्याच दिवसांत एका चढावर पायडल मारता मारता तिने ठरवलं, आपण सायकलने भारतात जायचं. प्रत्यक्ष निघाली ती ३१व्या वर्षी, कारण मधली बरीच वर्षं संधिवाताने जखडलेल्या आईचं करण्यात गेली. जानेवारी १९६३ मध्ये निघाली तेव्हा युरोपात हाडं गोठवणारा हिवाळा होता. युगोस्लाव्हियात लांडगे अंगावर आले, तिने पिस्तूल झाडलं. अफगाणिस्तानात मारामारीत बंदुकीचा दस्ता बसून बरगड्या मोडल्या. त्याच वर्षी जुलैत ती दिल्लीला पोचली. 'फुल टिल्ट' हे तिचं पुस्तक १९६५चं.

हे पुस्तक तुम्ही वाचलंत तर तुमची नजर लांडग्यांवर खिळेल. तुमच्या लेकीला दिसेल ती निघण्याआधी गावाजवळच्या डोंगरात पिस्तुलाचा सराव करणारी बाई. पुढच्या रस्त्यांवर गिअर टिकणार नाहीत म्हणून ते आधीच काढून टाकणारी बाई. आणि आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात येईल. मर्फीच्या बरगड्या मोडल्या तेव्हा ती सायकलवर नव्हती, बसमध्ये बसलेली होती.

म्हणून माझी पहिली विनंती अशी, की पुस्तकं मागवा, पण आधी स्वतः वाचा.

तुमच्या पत्रात 'धोके' हा शब्द बऱ्याचदा येतो, पण एकाही धोक्याचं नाव येत नाही. हे मला फार जाणवलं. तुम्ही एक कागद घ्या आणि कशाकशाची भीती वाटते ते एकाखाली एक लिहून काढा. रात्री मागून येणारा ट्रक. रस्त्यातली वाईट नजरेची माणसं. अनोळखी गावात ताप भरणं. निर्मनुष्य ठिकाणी पंक्चर. आणि मनात असेल तर हेही लिहा, की पाहुण्यांना काय सांगायचं, पुढे स्थळं बघताना कुणी काय म्हणेल. हा कागद कुणाला दाखवायचा नाही, म्हणून खरं लिहा. लिहिल्यावर कळेल की यातल्या काहींवर उपाय आहे, काहींवर निम्मा उपाय आहे, आणि एक-दोन गोष्टींचा तिच्या सायकलशी संबंधच नाही.

माझ्या अंदाजाने या यादीत सगळ्यात खरा धोका ट्रकचा, म्हणजे एकूण वाहतुकीचा. आपल्याकडे सायकलवाल्याला मोठ्या रस्त्यावर कुणी मोजत नाही. यावरचे उपाय साधे आहेत आणि ते पाळायचे आहेत. उजाडल्यावर निघायचं, दुपारी चारपर्यंत मुक्कामाला पोचायचं, अंधारात एक किलोमीटरही चालवायची नाही. मागचा लाल दिवा दिवसासुद्धा चालू ठेवायचा. हँडलला आरसा, अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. महामार्गाला पर्यायी रस्ता असेल तर वीस किलोमीटर जास्त पडले तरी तोच धरायचा. तिला बेत सोडायला सांगण्यापेक्षा हे कबूल करून घ्या. सिंहगड चढणारी मुलगी यावर भांडणार नाही.

आता तुम्ही लिहिलेल्या एका वाक्याकडे येते. "आम्ही चौघे होतो." मला वाटतं, तुमची खरी अडचण इथे आहे. रस्ता तुम्हाला माहीत आहे. एकटेपण तुम्ही कधी अनुभवलेलं नाही, म्हणून त्याचं चित्र फक्त भीतीचं उभं राहतं. आणि या एका बाबतीत ही पुस्तकं तुम्हाला खरोखर काही सांगू शकतात.

तुम्ही येझदीवाले, म्हणून तुमच्यासाठी टेड सायमनचं 'ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स'. हा ब्रिटिश पत्रकार ऑक्टोबर १९७३ मध्ये ५०० सीसीच्या ट्रायम्फवर लंडनहून एकटा निघाला आणि जग फिरून १९७७ मध्ये परतला. वय चाळिशीच्या पुढे आणि मोटरसायकल चालवायला नुकताच शिकलेला. ब्राझीलमध्ये पोलिसांनी त्याला संशयावरून कोठडीत डांबलं, तो भागही पुस्तकात आहे आणि वाचताना आपल्याला घाम फुटतो. पण मला जास्त आठवतात ती त्याची अडकून पडण्याची ठिकाणं. गाडी बिघडली, कागद अडला, पाऊस लागला की हा माणूस तिथल्या कुणाच्या तरी ओसरीवर बसलेला असतो. एकट्या माणसाला लोक आत बोलावतात. चौघांना बोलावताना घरातली बाई आधी पिठाचा डबा बघते. आठवून बघा, १९९२च्या त्या सहलीत वाटेतल्या कुणाचं नाव तुमच्या लक्षात आहे का? मित्रांची आठवण असेल, गाड्यांची असेल. अनोळखी माणसाची आहे का?

तो पुरुष होता, असं तुम्ही म्हणाल. रास्त आहे. म्हणून ॲन मस्टो. ही इंग्लंडमधली एका मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. सुटीत भारतात आली असताना राजस्थानात बसच्या खिडकीतून तिला वाळवंटातून एकटाच सायकलने चाललेला एक युरोपीय माणूस दिसला. तो तिच्या डोक्यातून गेलाच नाही. ५४व्या वर्षी नोकरी सोडून १९८७ मध्ये ती निघाली आणि ४३९ दिवसांत १२,००० मैलांची पृथ्वीप्रदक्षिणा करून परतली. अंगाने स्थूल, खेळाडू तर मुळीच नाही, आणि निघाली तेव्हा तिला पंक्चरसुद्धा काढता येत नव्हतं. 'अ बाइक राइड' या पुस्तकात ती शिक्षिकेच्या शांतपणाने सगळं सांगते, घाबरलेल्या संध्याकाळीसुद्धा. ती तुमच्याच वयाची होती, म्हणून तिचं तुम्हाला पटेल असं वाटतं. तुमच्या सौभाग्यवतींनाही हे पुस्तक द्या. त्या गप्प आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांना काय वाटतं हे तुम्ही विचारलंत का, ते मात्र लिहिलेलं नाही.

"तो काळ वेगळा होता" हेही जरा तपासून बघू. १९९२ मध्ये तुमच्या खिशात फोन नव्हता. तुम्ही गोव्यात आहात की घाटात पडलात, हे घरच्यांना तुम्ही परत येईपर्यंत कळायचा मार्ग नव्हता. तुमच्या आईने ते दिवस कसे काढले असतील? आज लेक कुठे आहे ते तुम्हाला फोनच्या नकाशावर दिसू शकतं. काळ बदलला हे खरं. पण त्यातलं काय तुमच्या बाजूने बदललं, तेही मोजायला हवं.

आणि त्याहून जुना काळ बघायचा तर मुंबईच्या पारशी तरुणांचा बघा. १५ ऑक्टोबर १९२३ला सहा जण मुंबईहून सायकलने जगप्रवासाला निघाले. इराण, इराक, सिनाईचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन. १८ मार्च १९२८ला मुंबईत परतले ते तिघे, आदी हकीम, जल बापासोला आणि रुस्तम भूमगरा. चव्वेचाळीस हजार मैल. त्यांचं 'विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड' १९३१ मध्ये आलं, नेहरूंची प्रस्तावना घेऊन. भाषा जुन्या वळणाची आहे, काही मतं आज खटकतात. तरी हे पुस्तक तुमच्या घरात असावं असं मला मनापासून वाटतं, कारण सायकलवरून लांब जाणं हे परदेशी खूळ आहे असं आपल्याकडे अजून बोललं जातं. ते आपल्याकडचंही आहे, शंभर वर्षांपासून. आणि अलीकडची वेदांगी कुलकर्णी तर तुमच्या लेकीला नक्की माहीत असणार. २०१८ मध्ये विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या पुण्याच्या मुलीने १५९ दिवसांत सायकलने पृथ्वीप्रदक्षिणा केली. स्पेनमध्ये तिला चाकू दाखवून लुटलं होतं. तुमच्या मुलीने ही बातमी वाचली असेल, आणि वाचूनच रजा टाकली असेल. धोके तिला माहीत नाहीत, हे तुमचं गृहीतक मला म्हणून टिकत नाही.

मराठीत हवं असेल तर अजित हरिसिंघानींचं 'बाइकवरचं बिऱ्हाड' आहे. पुण्यात राहणाऱ्या या वाचोपचारतज्ज्ञांनी, म्हणजे स्पीच थेरपिस्टनी, पन्नाशी उलटल्यावर बुलेटवरून लडाख गाठलं. मूळ पुस्तक इंग्रजी आहे, पण अनुवाद घरातल्या घरात गप्पा माराव्यात तसा वाचता येतो. तुम्ही सुरुवात इथूनच करा.

आणखी एका पुस्तकाबद्दल बोलायचंय, आणि त्यावर थोडं थांबते. मोटरसायकलचं नाव काढलं की कुणीतरी रॉबर्ट पर्सिगचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' सुचवतं. प्रवासाची माहिती हवी असणाऱ्याला मी ते देत नाही, त्यात तत्त्वचर्चा पुष्कळ आहे आणि ती जड जाते. तुम्हाला मात्र देते, कारण ते एका बापाचं पुस्तक आहे. बाप पुढे, अकरा-बारा वर्षांचा मुलगा मागे, मिनेसोटापासून कॅलिफोर्नियापर्यंत सतरा दिवस. बाप रस्ता बघतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, विचारांत बुडतो. मुलाचं पोट दुखतं, तो चिडतो, रडतो. बापाला कळत नाही याला झालंय काय. एकाच गाडीवर बसलेल्या दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. अगदी शेवटी शेवटी हेल्मेट काढून ठेवतात, आवाज पोचायला लागतो. मुलगा फूटरेस्टवर उभा राहतो, बापाच्या खांद्यांवर हात ठेवतो आणि त्याच्या खांद्यावरून त्याला पहिल्यांदा समोरचा रस्ता दिसतो. इतके दिवस त्याने फक्त बापाची पाठ पाहिलेली असते. मी हा भाग कितीदा वाचला असेल, तरी तिथे आल्यावर पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवावं लागतं. एक सांगून ठेवते. नंतरच्या आवृत्त्यांत शेवटी लेखकाने पुढे बऱ्याच वर्षांनी लिहिलेला मजकूर जोडलेला आहे, तो कोणत्याही आईबापाला फार जड जाईल. सध्या तेवढा सोडा.

आता काय करायचं? माझ्या मते तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. ठाम नाही म्हणणं ही एक. चोवीस वर्षांची कमावती मुलगी त्यावर न सांगता निघेल आणि मग संध्याकाळचा फोन येणार नाही, ही त्यातली खरी जोखीम. दुसरी, मनातून नाराज राहून "कर तुला काय करायचं ते" म्हणणं. ही मला सगळ्यात वाईट वाटते, कारण घाटात चेन तुटली तर ती तुम्हाला फोन करणार नाही. तिला वाटेल, बाबा म्हणतील, सांगितलं होतं ना. तिसरी वाट अशी, की बेत तिचा राहू द्यायचा आणि तयारीत तुम्ही उतरायचं.

त्या तिसऱ्या वाटेवर माझ्या दोन सूचना आहेत. डिसेंबरऐवजी जानेवारी. परतीचा पाऊस तामिळनाडूच्या टोकाला डिसेंबरातही गाठतो, आणि ओल्या रस्त्यावर सायकल आणि ट्रक ही जोडी चांगली नाही. रजा पुढे ढकलता आली तर बघा म्हणावं. दुसरी, सोळाशे किलोमीटरच्या आधी एक सराव. कोकणचा सागरी रस्ता गोव्यापर्यंत. आगरदांड्याहून दिघी, वेसवीहून बागमांडला, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड, अशा खाड्या जंगलजेट्टीत, म्हणजे वाहनं नेणाऱ्या फेरीबोटीत, सायकल चढवून ओलांडायच्या. प्रत्येक खाडीला उतार आणि पलीकडे उभा चढ, त्यामुळे पाय चांगले तयार होतात. मोठी वाहनं कमी, दर काही मैलांवर वाडी, घरगुती जेवण आणि मुक्काम मिळतो. आठवडाभर एकटीने राहायला जमतं का, हे तिलाही कळेल आणि तुम्हालाही. तिला मान्य असेल तर पहिल्या दोन दिवसांच्या मुक्कामाला तुम्ही मोटरसायकलने जा. दिवसभर मागे मागे राहू नका, फक्त संध्याकाळी भेटा. तिला मान्य नसेल तर जाऊ नका.

फोनचंही आधी ठरवून घ्या. मुक्कामाला पोचल्यावर एक आणि सकाळी निघताना एक. मधे तुम्ही करायचा नाही, कारण चालत्या सायकलवर वाजणारा फोन हाही एक धोकाच आहे. ठरलेल्या वेळेनंतर दोन तास फोन आला नाही, तर कुणाला विचारायचं, ते दोघांनी मिळून लिहून ठेवा. अशाच पेचात असलेल्या बाकीच्या आईवडिलांनीही एवढं जरूर करावं, मुलगी असो की मुलगा. मुलग्यांना आपण हे विचारत नाही आणि तेही सांगत नाहीत.

आणि ती पुढच्या वेळी घरी येईल तेव्हा सायकल घेऊन ये म्हणा. मागचं चाक काढा. मागचंच, कारण चेन आणि गिअरमुळे तेच अवघड. परातीत पाणी घ्या. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती पाण्यात दाबत दाबत फिरवा. एका जागी बारीक बुडबुड्यांची माळ सुटेल, तिथे बॉलपेनने खूण. कोरडी करून घासपेपर मारायचा, सोल्यूशन लावायचं आणि ते सुकू द्यायचं, मगच रबराची चकती चिकटवायची. इथे सगळे घाई करतात आणि चकती सुटते. सोल्यूशन सुकेपर्यंत टायरच्या आतून फडकं फिरवा. काटा किंवा तारेचा तुकडा अजून तिथेच रुतलेला असतो, तो राहिला तर दहा मिनिटांत पुन्हा पंक्चर. येझदीचा प्लग रस्त्याकडेला बसून साफ केलेल्या हातांना हे नवीन नाही. तिला कदाचित तुमच्यापेक्षा चांगलं येत असेल. तसं असेल तर चाक तिच्याकडे द्या, पंप तुम्ही धरा, आणि तिने मुक्काम कुठे कुठे ठरवलेत ते विचारा. तिने काय सांगितलं, ते मला जरूर कळवा.